सुभानजीचं राहिलेलं पाणी

"मुरथलला गाडी थांबवायची नाही," गुणवंतराव ढमाळांनी मुलाला बजावलं. "आज श्राद्ध आहे. पोटात काही जाता कामा नये."

"तुमच्या पोटात, बाबा. माझ्या नाही," चिन्मय म्हणाला. पण गाडी त्याने थांबवली नाही. पराठ्यांचे ढाबे एकामागून एक मागे पडले. ऑफिसला सुट्टी टाकून, गुरुग्रामहून अंधारात निघालेल्या मुलाने याहून जास्त काय करावं?

गुणवंतराव सत्तरी ओलांडलेले. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका दफ्तरखान्यात चौतीस वर्षं त्यांनी जुने कागद वाचले. दिल्लीत मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातलं पहिलं बोट आपलं, हे ते कुणी न विचारता सांगत. त्याहून मोठा अभिमान त्यांना एकच होता. वाईकडच्या ढमाळांच्या घरातला सुभानजी पानिपतावर पडला होता.

त्याचं प्रेत मिळालं नाही, दिवस झाले नाहीत. "सुभानजीचं पाणी राहिलंय रे," असं सांगून गुणवंतरावांचे आजोबा गेले, मग वडील गेले. गुणवंतराव मात्र दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत राहिले. यंदा गुडघ्यांनी उघड उघड बंड पुकारलं, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. हे पाणी दिल्याशिवाय त्यांना मरायचं नव्हतं. आज पौष शुद्ध अष्टमी होती, लढाईची तिथी.

पानिपतला, लढाईच्या जागी उभारलेल्या काळ्या आंब्याच्या स्मारकापाशी अजून धुकं होतं. गुणवंतरावांनी बूट काढले आणि गार फरशीवर मोज्यांनिशी ताठ उभे राहिले. सहलीला आलेल्या शाळेच्या मुली बघत होत्या. त्यांना थोडंच मोकळं सोडणार!

"बेटा, हमारे घर का आदमी यहाँ गिरा था. एक क़दम पीछे नहीं हटा."

मुलींच्या बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. गुणवंतरावांची छाती कोटात मावेना.

"बाबा, पण त्याला पडताना पाहिलं कुणी?" गाडीत बसल्यावर चिन्मयने विचारलं.

"परत आला नाही, एवढं पुरे आहे. ढमाळांचा माणूस रण सोडून पळत नाही."

"बिल्कुल," चिन्मय म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.

चादरी-ब्लँकेटांची दुकानं संपली तसं शहर संपलं. मग गव्हाची शेतं, वीटभट्ट्या, रस्ता अडवून चाललेल्या उसाच्या ट्रॉल्या. यमुनेच्या काठावर हरियाणा संपत होता. पलीकडे धुक्यात कुठेतरी यूपी होतं. घाटावर तिथले म्हातारे पंडितजी सतरंजी टाकून बसले होते.

गुणवंतरावांनी पितळी तांब्या काढला, तीळ काढले, धोतर नेसायला घेतलं. पंडितजींनी हात वर केला.

"पहले बही. बही देखे बिना हम हाथ में कुशा नहीं देते. किस कुल का कौन-सा काम हो चुका, सब उसमें रहता है."

"हमारा क्या मिलेगा?" गुणवंतराव हसले. "जो आया था, वो तो लौटा ही नहीं."

"गाँव?"

"वाई के पास. कुल ढमाळ."

पंडितजी घाटावरच्या आपल्या खोलीत गेले आणि तांबड्या फडक्यात बांधलेली लांबट वही घेऊन आले. बराच वेळ पानं उलटली. एका पानाच्या कडेला नागरीत 'दक्खन, वाई' लिहिलेलं होतं. खालचा मजकूर मात्र त्यांना लागेना.

"यह पन्ना मेरे दादा भी नहीं पढ़ पाए. जाने कौन-सी लिखावट है."

गुणवंतरावांनी नुसती नजर टाकली आणि त्यांचा चेहरा खुलला. "मोडी! चिन्मय, इकडे ये. मी वाचतो, तू ऐक."

त्यांनी चष्मा पुसला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"'सुभानजी वल्द मालोजी ढमाळ, प्रांत वाई...' बघ! आपलाच सुभानजी! लढाईआधी इथे स्नानाला आला असणार. 'शके सतराशे तीन, पौष शुद्ध अष्टमी...'"

ते थांबले. पुन्हा वाचलं. आकडा बदलला नाही.

"लढाई कधीची, बाबा?"

"शके सोळाशे ब्याऐंशी."

"म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी?"

गुणवंतरावांचे कान तापले. मघाच्या त्या टाळ्या त्यांना आठवल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन पिढ्या ज्याच्या नावाने मान ताठ ठेवली, तो मजेत जगला होता. घरी बायको कुंकू पुसून बसली आणि हा इथे यमुनेवर स्नानं करत होता. पळपुटा! त्यांनी वही मिटायला घेतली.

चिन्मयने पानात हात घातला. "आता आलोय ना इतक्या दूर? पुढे वाचा."

"काय वाचायचं आता?"

"वाचा, बाबा."

पुढे नावं होती. एक कुलकर्णी, दोन पवार, एक माळी, एक न्हावी, एक धनगर... गुणवंतराव कोरड्या आवाजात वाचत गेले. नावं अकरा भरली. त्याखाली मजकूर होता. त्यावरून बोट फिरवताना त्यांचा आवाज आधी अडखळला, मग हळू झाला.

"'सदरहू अकरा मुले गर्दीत छावणीत सापडली. मायबाप पानपती पडले. थोर जाहली, आज त्यांचे हाते त्यांच्या मायबापांचे पिंड करविले.'"

मराठी न कळणारे पंडितजी चिन्मयकडे बघू लागले. गुणवंतरावांना आता अक्षरं नीट दिसत नव्हती. शेवटची ओळ त्यांनी वही डोळ्यांपाशी धरून वाचली.

"'लेकरे टाकून देशी येणे जाहले नाही. आमचे घरचे कोणी येथे येईल व हे वाचील, त्याने घरी सांगो नये. सुभानजी रणी पडला, हेच असो द्यावे.'"