नवऱ्याचं पात्र

"कथा बरी आहे, पण नवऱ्याचं पात्र कच्चं आहे," माझे कागद टेबलावर सरकवत संपादक म्हणाले. "बायको तापानं फणफणलीय आणि हा म्हणतो, 'मग आज स्वयंपाक साधाच कर.' असं कोण बोलतं हो? तुम्हा नव्या लेखिकांना पुरुष दिसला की त्याचा राक्षस करायचा असतो. तेवढं वाक्य काढा, पुढच्या अंकात घेतो."

"नाही काढणार. आमच्या घरातलं वाक्य आहे ते."

"असेल. पण वाचकाला पटायला नको?"

पहिलीच कथा छापून यायची होती आणि मी एका वाक्यासाठी अडून बसले होते. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला.

"काय? हाडच मोडलं? उजव्या हाताचं? अरेरे! प्लास्टर घातलं ना? मग आता घरी जाऊन पड बघू."

क्षणभर वाटलं, चुकलंच आपलं.

"आणि हे बघ, रात्री जेवायला माझे चारच मित्र आहेत. डाव्या हातानं जमेल तेवढंच कर. उगाच घाट घालत बसू नकोस."

फोन ठेवून ते काळजीच्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळले. "हं, काय म्हणत होतो मी?"

तोवर मी त्यांचंच पेन उचललं होतं. माझं वाक्य खोडून तिथे त्यांचं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

"बरोबर होतं तुमचं. पात्र कच्चंच होतं. आता बघा, पटतंय का."