विपक्षाची चिठ्ठी

सटवानं चिठ्ठी उघडली. 'विपक्ष.'

वादसभेचा विषय होता, 'सर्व माणसं समान आहेत.' महिनाभर सटवा समानतेचं भाषण घोकत होता. आता माणसं समान नाहीत, हे महारवाड्यातून आलेल्या त्यानंच सांगायचं होतं.

मोमिनाबादच्या शाळेत मोहनराव मास्तरांनी त्याला चार वर्षं खिडकीबाहेर बसवून शिकवलं. आज त्याला बोलू द्यावं म्हणून हेडमास्तरांचे पाय धरले. बोलायचं, पण ओसरीवरून. जिंकणाऱ्याला हैदराबादचा वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळणार होता. तिथली शाळा, बोर्डिंगात राहणं, दोन वेळचं जेवण. निकाल शाळेच्या तपासणीला आलेले साहेब देणार होते.

"मास्तर, म्या न्हाई हे बोलत."

"वजीफा हातचा जाईल, सटवा. बोल."

आधी वतनदाराचा राधाकिशन बोलला. एकच देव, एकच रक्त, एकच माती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग सटवा उभा राहिला. शाळा निजाम सरकारची, म्हणून भाषण उर्दूत. त्याचा एक शब्द चुकला नाही. "हुजूर, राधाकिशनचं ऐकून मलाही घडीभर खरं वाटलं. पण मला तहान लागलीय. आत माठ आहे. मी हात लावला तर तो फोडावा लागेल. गेल्या साली मी पहिला आलो, तेव्हा बक्षिसाचं पुस्तक माझ्यापुढं जमिनीवर टाकलं. माणसं समान असती, तर एवढ्या शिकलेल्या लोकांना ते कळलं नसतं का?"

पहिली टाळी साहेबांनीच वाजवली. "लाजवाब! सटवा जिंकला."

मोहनरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

तेवढ्यात हेडमास्तर साहेबांच्या कानाशी लागले. साहेबांनी मान डोलावली आणि मायेच्याच सुरात म्हणाले, "बेटा, तू म्हणालास तेच खरं. बोर्डिंगात सगळ्यांना एका पंगतीत बसावं लागतं. तुझं तिथं कसं जमणार? वजीफा राधाकिशनला."

मोहनराव ताडकन उठले. हेडमास्तरांनी नुसतं बघितलं. मोहनराव खाली बसले.

फाटकाबाहेर सटवाची आई, दगडाबाई, सकाळपासून ताटकळत होती. आतल्या टाळ्या तिनं ऐकल्या होत्या.

"जिकलास का रं?"

"जिकलो, माय," सटवा म्हणाला. "म्या बोललो ते समद्यांना पटलं."