घरबसल्या

“आजी, तुम्हाला कुठेच जायची गरज नाही. इथेच अंगठा द्या. बाकीचं आम्ही पाहतो.”

फौजदार सुरभीने टाईप केलेला कागद खाटेवर ठेवला आणि शेजारी स्टॅम्पपॅड उघडून ठेवलं. आवाज तिने शांत ठेवला होता, पण नजर दाराबाहेरच्या रस्त्यावर होती. दिल्लीच्या लोकांची गाडी कारंज्याच्या ढाब्यावर चहाला थांबली आहे, असा फोन नुकताच येऊन गेला होता. चहाला असा कितीसा वेळ लागतो?

भागीरथाबाई पॅडकडे बघत राहिली. पंच्याऐंशी कधीच ओलांडलेली बाई. डाव्या हाताच्या बोटावरची शाई केव्हाच निघून गेली होती, तरी ती ते बोट अजून अधूनमधून पदराला पुसत असे.

त्या बोटाला शाई लागली विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन तरुण पेटी घेऊन वस्तीवर आले. म्हाताऱ्या माणसांचं मत सरकार आता घरी येऊन घेतं, हे सगळ्यांच्या कानावर होतंच. म्हाताऱ्यांनी चिठ्ठ्या पेटीत टाकल्या, बोटं पुढे केली. पेटी सरकारची नव्हती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. नातसून दामिनी आजीला मतदान केंद्रावर घेऊन गेली, तर तिथल्या साहेबाने बोट पाहिलं आणि परत पाठवलं.

तक्रार वस्तीतल्या बऱ्याच जणांनी केली होती. मग कोणीतरी एकेकाला भेटून गेलं, आणि एकेकाला काही आठवेनासं झालं. आता एकटी भागीरथाबाई उरली होती.

दोघांपैकी एकाला सुरभीनेच पकडलं होतं. तो बोलू लागला होता. त्याला कोणी पाठवलं, ते नाव आता त्याच्या ओठांवर होतं. तेवढ्यात प्रकरण कोर्टात गेलं. केंद्राची तपास यंत्रणा म्हणाली, हा तपास आम्हाला द्या. राज्य म्हणालं, गुन्हा आमच्या हद्दीतला, तपासही आमचाच. तक्रारदार बाईचं म्हणणं काय आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं. आज दुपारी नागपूरला सुनावणी होती.

तपास दिल्लीला गेला तर तो पहिल्या पानापासून सुरू होईल. तोवर तो पोरगा जामिनावर सुटेल. आणि सुटला की आधी याच दारात येऊन उभा राहील. सुरभीला रात्री झोप लागत नव्हती ती यामुळे.

“आजी, लवकर,” ती म्हणाली.

बाहेर ब्रेक लागल्याचा आवाज झाला. एक उंच अधिकारी उंबऱ्याशी बूट काढून आत आला. त्याच्याही हातात तसाच कागद होता, फक्त तपास दिल्लीला द्या असं सांगणारा.

“अरे मॅडम, आप भी? इतनी सुबह?”

“कसा होता आमच्या कारंज्याचा चहा, साहेब?”

“मीठा था. शायद इसीलिए देर हो गई.” तो हसला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, “आप ईमानदार होंगी, मॅडम. आपके ऊपर वालों का क्या?”

बदलीची धमकी सुरभीला वरूनच महिन्याभरात दोनदा मिळाली होती.

तो खाटेपुढे उकिडवा बसला. त्याने आपलं पॅड उघडलं.

“माताजी, आपको कहीं जाने की ज़रूरत नहीं. यहीं अंगूठा लगा दीजिए. बाकी हम देख लेंगे.”

चुलीपुढे बसलेली दामिनी फसकन हसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

भागीरथाबाईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सुरभीकडे.

“ते पोट्टेही असेच बोलत होते,” ती म्हणाली. “आजी, तुले कुठंच जा लागत नाई. इथंच होऊन जाते.”

सुरभीने पॅडचं झाकण लावलं. ते लागायला तयार नव्हतं. तिने ते दोनदा दाबलं.

“दामिने, माही काठी दे. नागपूरची यष्टी केव्हा हाय?”

अधिकारी धावत जाऊन गाडीचं दार उघडून उभा राहिला. सुरभीनेही आपल्या जीपचं दार उघडलं.

“आजी, ऊन आहे. बसा आमच्या गाडीत.”

“तुह्या गाडीत बसली त हा म्हनन, पोलिसायनं शिकवून आनलं. याच्या गाडीत बसली त तू म्हनशीन.”

ती दोन्ही गाड्यांच्या मधून निघाली. काठी टेकत, थांबत, हायवेवरच्या थांब्याकडे. दामिनी पाण्याची बाटली घेऊन मागे. तिच्या मागे सुरभी. थांब्यापर्यंत तिने कसंबसं तोंड मिटून ठेवलं. लांबवर लाल गाडी दिसली तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

“आजी, एवढं तरी सांगा. जजसाहेबांनी विचारलं तर कोणाचं नाव घ्याल? आमचं की त्यांचं?”

भागीरथाबाई वळली. इतक्या महिन्यांत सुरभीने तिला हसताना पाहिलं नव्हतं.

“पोलीसवाली हायेस ना वं तू? मत कोनाले देतो, हे कोनी रस्त्यात इचारते का?”