परवाची तालीम

"ऊठ! खुर्ची काय तुझ्या बापाची आहे?" पाववाला गरजला, आणि लगेच वाकून पुटपुटला, "लागलं नाही ना गं, भिंगरे?"

शिंप्याचं दुकान खो खो हसलं. दुपारची वेळ, दार आतून बंद. कापड कापायचं लांबलचक टेबल आज वाचनालयाचं टेबल झालं होतं. उद्या वस्तीतले बाराजण खऱ्या वाचनालयात जाणार होते, जिथे वस्तीतल्या कुणाला आजवर बसूच दिलं नव्हतं. आणि मग रोज जायचं, बसायचं, पुस्तक उघडायचं. शिव्या येवोत, धक्के येवोत, आपण पान उलटायचं. त्याचीच ही तालीम.

"असले पहारेकरी असतात होय? सरका बाजूला!" आत्याने बाह्या वर केल्या. जन्मभर लोकांचे कपडे पिळून तिची मनगटं लोखंडाची झाली होती.

आधी तिने धाकट्या भावालाच गाठलं. भाऊ म्हणजे दुकानाचे मास्तर, भिंगरीचे बाबा आणि या सगळ्या उद्योगाचे पुढारी. "अडाणी! घामट! निघाला मोठा वाचायला!" म्हणत तिने तांब्याभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. मास्तरांनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही तेवढी कोरड्या जागी सरकवली आणि शांतपणे पान उलटलं.

"लहानपणापासूनची हौस होती बाई," आत्या खूश होऊन म्हणाली.

मग तिने भिंगरीची वेणी धरली आणि हिसडली. खोटं खोटं नाही, चांगली हिसडली. खुर्ची आडवी, भिंगरी जमिनीवर. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण दोन्ही हात पुस्तकावरच. जमलं! मला जमलं! ती ओरडणारच होती. वर पाहिलं, तर बाबांनी आत्याचं मनगट आवळलं होतं आणि त्यांचा दुसरा हात उगारलेला.

 समोरच्या भिंतीवर बाबांनीच खडूने लिहिलं होतं : ज्याचा हात उठेल, तो घरी थांबेल.

"पुढाऱ्याला कसला आलाय नियम," पाववाला म्हणाला. "शेवटी बापाचं काळीज. चालायचंच."

मास्तरांनी हात खाली घेतला. ते भिंतीकडे नाही, भिंगरीकडे बघत होते.

भिंगरी उठून उभी राहिली. बाबांशिवाय उद्या जायचं कसं? पण आज चालवून घेतलं, तर उद्या कुणाचाही हात उठेल. आणि वाचनालयवाल्यांना हवा होता तो एकच हात. मग दार कायमचं बंद.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही उद्या घरी."

"अगं ए! मग पुढे कोण चालणार?" पाववाल्याने विचारलं.

"हे माझ्या तोंडावर जिला म्हणता आलं, ती," मास्तर म्हणाले. मिशीतून अजून पाणी ठिबकत होतं. त्यांनी आडवी खुर्ची उचलून लेकीला दिली, स्वतः शेजारी बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"ताई, ओढ तिची वेणी. पुन्हा."

"अरे, पण तू तर उद्या घरी ना?"

"परवा आहे की."

आत्याचा हात काही पुढे होईना. शेवटी भिंगरीनेच वेणी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिच्या मुठीत दिली.

"जोरात हं, आत्या."