धावपट्टी खुली आहे

नव्या खासगी कंपन्यांची विमानं दिल्लीत उतरू लागली, तसं जयंतरावांचं काम वाढलं. वैमानिकांसाठीच्या सूचना तेच काढत. हाताखालच्या पोरांना बजावत, "धावपट्टी बंद केल्याचं कळवता, तसं उघडल्याचंही कळवा. नाहीतर मोकळ्या धावपट्टीवरून विमान माघारी जाईल."

स्वानंदीनं परस्पर लग्न केलं, तेव्हा "या घरात पाऊल टाकू नकोस," असं ते लेकीवर गरजले होते.

पाडव्याला ते ड्यूटीवरून परतले, तर पत्नी अरुणा डोळे पुसत म्हणाली, "स्वानंदी आली होती गुडगावहून, तुम्हाला ओवाळायला. फाटकातूनच परत गेली."

"अगं, वर नाही आणलंस?"

"म्हटलं मी, बाबांचा राग केव्हाच गेलाय. तर म्हणाली, 'तसं त्यांनी कुठे कळवलंय?'"