सूर्याचा सांगावा

फोनमध्ये रघूच्या डोक्यावरचं आभाळ हिरवं झालं आणि वाल पाखडणाऱ्या गिरजाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"नाकावर ओला फडका धर! वाऱ्याला आडवा पळ, रघ्या, सरळ नको पळू!"

ओरडता ओरडता तिने स्वतःचाच पदर कळशीत बुचकळून तोंडाला लावला. मुलगा होता नॉर्वेत, हॉटेलात आचारी. तिकडे उजाडायचं होतं, इकडे धाटावच्या केमिकल कारखान्यांजवळच्या तिच्या अंगणात ऊन चांगलं वर आलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तर अख्खं घर पोळलं होतं. काही वर्षांपूर्वी बांधापलीकडच्या कंपनीतून गॅस सुटला, आभाळ पिवळं झालं, त्या दिवशी तिचा नवरा गुणाजी शेतातून परतलाच नाही.

रघू हसत सुटला. "आये गो, गॅस नाय हा! सूर्याचा वारा हाय."

"सूर्याला कसला वारा?"

"सुटतो. तिथनं येतो न् हितं वरच्या वर आभाळ उजळवतो. शांत असला तर ह्यो उजेडाचा पडदा नुसता टांगलेला. वादळाचा सपकारा आला, की बघ कसा नाचतो!"

पडदा खरंच हेलकावला. खालची किनार लाल झाली. दिसायला सुंदर होतं, पण गिरजाबाईने तोंडावरचा पदर काढला नाही.

"आन् आज सुटनार, ह्ये तुला कसं कळलं?"

"मोबाईलवर येतं की! सूर्यावर वादळ उठलं का दोन दिस आधी सांगतात. म्हनून तर भायेर येऊन उभा ऱ्हायलो."

तिने मान वळवली. बांधापलीकडे कंपनीच्या चिमण्या दिसत होत्या. शिफ्ट सुटली की कामगारांचं बोलणंसुद्धा अंगणात ऐकू यायचं, इतक्या जवळ.

"सूर्य लांब हाय ना रे?"

"लय लांब, आये."

"तिथनं सांगावा येतो," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या येळेला बांधापलीकडचा भोंगा नाय वाजला."

रघूचं हसू विरलं. त्याने फोन खाली घेतला. आभाळ दिसेनासं झालं.

तेवढ्यात भोंगा वाजला. शिफ्ट बदलायचा. तो कधी चुकत नाही.