धारपांचा डबा

निवृत्तीच्या दिवशी दुपारी कंपनीच्या नर्सने अच्युत धारपांच्या बरगडीखालची चिप काढली आणि वर पट्टी लावली. वजन घटवण्याच्या योजनेत ती नऊ वर्षांपूर्वी बसवली होती. तेव्हापासून त्यांना भूक अशी लागलीच नव्हती. सकाळचं पोषण-पाकीट दिवसभर पुरे. वजन चौतीस किलोंनी उतरलं होतं.

"तासाभरात भूक लागेल," नर्स म्हणाली.

ती लागली गेटपाशी. धारप वॉचमन गुणाजीच्या केबिनमध्ये टेकले. बायकोला वाईट वाटू नये म्हणून तिने दिलेला डबा ते रोज इथेच ठेवत आणि गुणाजीने रिकामा केलेला घरी नेत. दोन वर्षांपूर्वी ती वारली, तोपर्यंत हे चाललं.

गुणाजीने आपला डबा पुढे केला. भाकरीवर कारळ्याची चटणी होती. "घ्या साहेब. वहिनींचीच आहे ही. आमच्या घरी आता अशीच करतात."

"तुमच्या घरी कशी जमली?"

"मी एकदा रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली होती, चटणी कशी करता म्हणून. दुसऱ्या दिवशी डब्यातूनच उत्तर आलं."

धारपांचा घास हातातच राहिला. "कधी?"

"पहिल्याच वर्षी. खाली लिहिलं होतं, साहेबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

भूक सपाटून लागली होती. धारपांनी घास तोंडात घातला आणि दुसरी भाकरी ओढून घेतली.